आधी नकाराची मोकळीक, मग साहस

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय एकच आहे : परदेशप्रवासात सगळ्या कुटुंबाने मिळून एखादा साहसी खेळ करून पाहावा का, आणि पाहायचा असल्यास कोणती काळजी घ्यावी. चारही पत्रे बेळगाव जिल्ह्यातून आली आहेत. एका पत्राच्या उत्तरातील बराच भाग दुसऱ्याच्याही उपयोगाचा असल्यामुळे ती येथे एकत्र घेतली असून जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही पाच जण नेपाळला जाणार आहोत. पोखऱ्याला सगळ्यांनी मिळून पॅराग्लायडिंग करावे आणि वाटेत त्रिशूली नदीत राफ्टिंगही करावे, अशी यजमानांची इच्छा आहे. मुलगी १५ वर्षांची आहे, मुलगा ९ वर्षांचा. सासूबाई ६७ वर्षांच्या असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. मला उंचीची भीती वाटते. गच्चीच्या कठड्याजवळही मी उभी राहत नाही. नाही म्हटले तर सर्वांचा विरस होईल आणि हो म्हटले तर ऐनवेळी पाय लटपटतील. काय करावे?
— एक वाचक भगिनी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील शेवटच्या दोन वाक्यांपासून सुरुवात करतो, कारण पाच माणसांच्या कुटुंबात अशी वाक्ये बहुधा कोणाच्या तरी मनातच राहतात आणि मग ती डोंगराच्या कडेला, पट्टे बांधून झाल्यावर बाहेर पडतात.

काही वर्षांपूर्वी मी धाकट्या भावाच्या कुटुंबाबरोबर पोखऱ्यालाच गेलो होतो. पुतणी तेव्हा १४ वर्षांची होती. उड्डाणाच्या जागी पोहोचल्यावर तिचा चेहरा उतरला आणि 'मी खालीच थांबते' असे ती हळू आवाजात म्हणाली. त्यावर 'आता पैसे भरले आहेत, काही होत नाही' हे शब्द माझ्याच तोंडून गेले. ती उडाली, सुखरूप उतरली, उतरताच तिला उलटी झाली, आणि पुढचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. वैमानिकाची काहीही चूक नव्हती. चूक माझी होती, आणि ती मला आजही बोचते. तेव्हापासून मी एक नियम पाळतो : पैसे भरण्यापूर्वी घरातील प्रत्येकाला, अगदी लहानातील लहान मुलालाही, वेगळे बसवून विचारायचे आणि शेवटच्या क्षणी नकार देणाऱ्याला कोणीही कारण विचारणार नाही, हे सर्वांसमक्ष ठरवून टाकायचे. त्यासोबत आयोजकाला लेखी विचारावे की, उड्डाणाच्या जागी माघार घेतल्यास किती रक्कम परत मिळते. काही मिळत नसेल, तर ती रक्कम आधीच गेली असे धरूनच भरावी. पैसे वसूल करण्याचा विचार डोक्यात राहिला, की माणूस पुढच्याला ढकलू लागतो.

यजमानांना सर्वांनी मिळून काही करावेसे वाटते, ही इच्छा चांगलीच आहे आणि ती मोडू नये. मात्र एकत्र घालवायचा असतो तो दिवस. त्यासाठी पाचही जणांनी हवेत जाण्याची गरज नाही. पोखऱ्यातील उड्डाणे सुमारे १,६०० मीटर उंचीच्या सारंगकोट परिसरातील डोंगरांवरून होतात आणि उतरणे फेवा तलावाच्या काठावर होते. तलावाकाठी बसलेल्या माणसाला आकाशातील आपले माणूस दिसते, ते उतरताना त्याच्याजवळ जाता येते. आपण आणि सासूबाईंनी ही जागा घ्यावी, असे मी सुचवतो. सासूबाईंना तेथे विरळ हवेचा त्रास होईल, अशी धास्ती बाळगू नये. फेवा तलाव समुद्रसपाटीपासून साधारण आपल्या बेळगावइतक्याच, म्हणजे साडेसातशे मीटरांच्या आसपासच्या उंचीवर आहे. पुढे मुक्तिनाथाचे दर्शन घ्यावे असे त्यांच्या मनात असेल (आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या मनात ते बहुधा असतेच), तर ते ठिकाण ३,७०० मीटरहून उंच आहे आणि रक्तदाबाच्या रुग्णाने त्यासाठी डॉक्टरांचा स्वतंत्र सल्ला घेणे आवश्यक आहे. माझ्या मते या प्रवासातील खरी जोखीम तिथे आहे.

मुलीच्या बाबतीत, तिची स्वतःची इच्छा असेल तर हरकत दिसत नाही. दोघांच्या उड्डाणात प्रवासी पुढे आणि वैमानिक मागे असतो. प्रवाशाचे काम थोडे असते, पण ते नेमके करावे लागते : सुरुवातीला सांगितल्याबरोबर उतारावरून धावत राहायचे, पाय जमिनीवरून सुटेपर्यंत खाली बसायचे नाही आणि उतरताना पाय वर उचलायचे. घाबरलेला माणूस नेमका दोन पावलांतच बसतो आणि गडबड तिथे होते. घराजवळच्या एखाद्या उताराच्या मोकळ्या जागेवर चार वेळा धावून पाहिले, तरी शरीराला सवय लागते. दुपारी तापलेल्या हवेचे झोत वर चढू लागतात आणि त्यांत गोल गोल फिरताना पुष्कळांना मळमळते. म्हणून मुलीसाठी सकाळची वेळ मागून घ्यावी आणि न्याहारी हलकी असावी.

नऊ वर्षांच्या मुलाबद्दल मी जरा अधिक सावध आहे. पॅराग्लायडरचा आकार त्यावरील एकूण वजनाला जुळणारा असावा लागतो. वजन फार कमी पडले, तर ते वाऱ्याबरोबर अधिक वाहत जाते आणि हवेतील धक्के त्याला अधिक जाणवतात. म्हणून 'मुलाला नेता का?' असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा 'हो' असेच येते. 'इतक्या किलोच्या मुलासाठी तुमच्याकडे लहान आकाराचे पॅराग्लायडर आहे का, आणि नेणारा वैमानिक कोण?' असे विचारावे. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर मुलाने आजीजवळ थांबावे.

राफ्टिंगचे गणित वेगळे आहे. नदीतील खळाळांची प्रतवारी जगभर एक ते सहा अशा श्रेणींत केली जाते. एक म्हणजे जवळपास संथ पाणी आणि सहा म्हणजे निष्णातांसाठीही जीवावरचे. पर्यटकांना नेतात तो त्रिशूलीचा भाग साधारणपणे दोन-तीन श्रेणींच्या आसपास असतो. परंतु पावसाळा नुकताच संपल्यावर, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या दिवसांत, पाणी अजून भरपूर असते आणि तोच खळाळ अधिक जोरकस होतो. आपल्या कर्नाटकातील शाळांना लांब सुट्टी दसऱ्याला मिळते, कोल्हापूर-सांगलीकडच्या नातेवाइकांच्या मुलांप्रमाणे दिवाळीला नाही, आणि त्या काही आठवड्यांच्या अंतराने नदी बदलते. त्याच दिवसांत नेपाळमध्ये दशैन हा त्यांचा सर्वांत मोठा सण असतो. लोक मोठ्या संख्येने गावी जातात, बसगाड्या तुडुंब भरतात आणि कामाला माणसे कमी असतात. त्यामुळे मार्गदर्शक कोण असेल, हे आधीच विचारून घ्यावे. नऊ वर्षांच्या मुलाला त्या पाण्यात मी नेणार नाही.

मुलगी आणि यजमान यांची इच्छाच असेल, तर आधी घराजवळ परीक्षा घ्यावी. काळी नदीवर गणेशगुडी-दांडेलीच्या भागात, सुपा धरणातून पाणी सोडलेले असताना आणि राफ्टिंग अधिकृतपणे सुरू असताना, एक दिवस काढून जावे. बेळगावहून ते अंतर दोन-अडीच तासांचे आहे. ज्याला तेथे नकोसे वाटले, त्याला त्रिशूलीत आवडेल असे मानण्याचे कारण नाही.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही थायलंडला जात आहोत. स्कूबा डायव्हिंग करण्याचा विचार आहे. मी लहानपणापासून विहिरीत आणि मलप्रभेत पोहलो आहे, त्यामुळे पाण्याची भीती नाही. पत्नीला पोहता येत नाही. मुलगा ११ वर्षांचा आणि मुलगी ८ वर्षांची आहे. डायव्हिंग शेवटच्या दिवशी ठेवले असून दुसऱ्या दिवशी पहाटेचे विमान आहे. हे नियोजन बरोबर आहे का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : नियोजनातील शेवटची गोष्ट कृपया आजच बदला. पाण्याखाली दाबाखालची हवा घेताना तिच्यातील नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडण्यापूर्वी माणूस विमानाच्या कमी दाबात गेला, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह केल्यास किमान १८ तास विमानात बसू नये, असा या क्षेत्रातील मान्य संकेत आहे. मी पूर्ण एक दिवस मोकळा ठेवण्यास सांगेन. डायव्हिंग सहलीच्या सुरुवातीच्या दिवसांत घ्यावे, आणि त्यानंतर लगेच उंच डोंगरावरही जाऊ नये.

महिन्याचाही विचार करावा. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे फुकेतच्या बाजूला, मेच्या मध्यापासून मोसमी वारे सुरू होतात, समुद्र खवळतो आणि सिमिलान बेटे तर त्या सुमारास ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांसाठी बंद असतात. पूर्वेकडील आखातात, को समुई आणि को ताओ या बेटांजवळ, त्या दिवसांत समुद्र तुलनेने शांत असतो. आपल्या सुट्टीला तीच बाजू योग्य.

विहिरीतील पोहण्याचा मला आदर आहे. आपल्या भागातील कितीतरी माणसे पाठीला भोपळा किंवा डबा बांधून पोहायला शिकली. परंतु तेथे श्वास रोखून धरण्याची सवय लागते आणि स्कूबामध्ये नेमकी तीच सवय घातक ठरते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट असतो. तेथे घेतलेला श्वास रोखून माणूस वर आला, तर फुप्फुसांतील हवा प्रसरण पावून त्यांना इजा होते. म्हणून पाण्याखाली श्वास अखंड, सावकाश चालू ठेवणे हा पहिला नियम आहे. पट्टीच्या पोहणाऱ्याला तो नव्याने शिकावा लागतो, तेव्हा प्रशिक्षक सांगत असताना 'मला येते' असे म्हणू नये.

स्कूबा शिकवणाऱ्या पॅडी या संस्थेच्या नवख्यांसाठीच्या कार्यक्रमात खुल्या पाण्यासाठी किमान वय १० वर्षे आहे आणि १२ मीटरपेक्षा खोल नेत नाहीत. मुलाचे वय त्यात बसते. मुलीसाठी आठ वर्षांपासूनच्या मुलांचा वेगळा कार्यक्रम असतो. तो जलतरण तलावात, दोन मीटरपर्यंतच्या पाण्यात होतो आणि तिच्या वयाला पुरेसा आनंद देतो. कोणी 'चालते हो, दहाची आहे म्हणून लिहा' असे म्हणाले, तर त्या माणसाकडून कोणत्याच मुलाला पाण्यात उतरवू नये. पत्नीला पोहता येत नसले, तरी अशा नवख्यांच्या कार्यक्रमात प्रशिक्षक धरून नेतात. मात्र तोंडात पाणी गेल्यावर घाबरून न जाण्याची सवय हवी. त्यासाठी आतापासून दोन महिने बेळगावच्या एखाद्या तलावात शिकवणी लावावी आणि जमल्यास आंबोली घाटाने उतरून तारकर्लीला एक दिवस समुद्रात तोंड बुडवून पाहावे. ज्याला सर्दी आहे, कान गच्च आहेत, दमा किंवा हृदयविकार आहे, त्याने आरोग्याच्या अर्जात ते खरे लिहावे. सर्दी झाली असेल, तर त्या दिवशी उतरूच नये, कारण कानातील दाब सारखा करता येत नाही आणि पडदा दुखावतो.

एक गोष्ट मुलांना घरीच शिकवून ठेवावी. पाण्याखाली अंगठा वर करणे याचा अर्थ 'छान आहे' असा नसून 'मला वर न्या' असा होतो. 'सर्व ठीक' म्हणण्यासाठी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करतात. तळहात आडवा धरून डोलवला, की 'काहीतरी बिघडले आहे', आणि मग जिथे बिघडले तिथे बोट दाखवायचे. जेवणाच्या पंगतीत आठ दिवस या खुणांनी बोलले, तर त्या अंगवळणी पडतात. शेजारी बसलेल्या आजीलाही ते आवडेल.

प्रश्न : आमच्या एका नातेवाइकांना परदेशात राफ्टिंग करताना पायाला दुखापत झाली. प्रवास विमा असूनही दावा नाकारला गेला. आम्हीही पुढील वर्षी सहकुटुंब जाणार आहोत. विमा घेताना काय पाहावे? तसेच तेथे सही करून घेतात त्या इंग्रजी कागदाचे महत्त्व काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नातेवाइकांचा विमा मी पाहिलेला नाही. परंतु सर्वसाधारण प्रवास विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात आणि त्यांच्यासाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागते. घ्यायचा तो खेळ नावानिशी यादीत आहे का, हे पाहावे. 'साहसी खेळ समाविष्ट' एवढ्या मोघम शब्दांवर थांबू नये, कारण राफ्टिंग आहे पण अमुक श्रेणीपर्यंतच, डायव्हिंग आहे पण अमुक खोलीपर्यंतच आणि तेही प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच, अशा अटी खाली बारीक अक्षरांत असतात. वडीलधाऱ्यांचा रक्तदाब, मधुमेह लपवू नये. लपवलेल्या आजारावरून दावा अडतो. डोंगराळ भागात हेलिकॉप्टरने रुग्णालयात नेण्याचा खर्च विम्यात आहे का, तेही विचारावे.

सीमाभागातील वाचकांसाठी एक खास सूचना. आपल्यापैकी अनेकांची नावे शाळेच्या दाखल्यावर मराठीत, इतर कागदांवर कन्नडमध्ये आणि पासपोर्टवर इंग्रजीत लिहिली गेल्यामुळे स्पेलिंगमध्ये एखाद्या अक्षराचा फरक पडलेला असतो. विमापत्रावरील नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे. जन्मस्थान आईच्या पासपोर्टवर जुन्या (बेळगाव) आणि मुलाच्या पासपोर्टवर २०१४ नंतरच्या नव्या (बेळगावी) नावाने आले असेल, तर मात्र काळजीचे कारण नाही. मुलांचा पासपोर्ट बहुधा पाचच वर्षांचा असतो, त्याची मुदतही तपासावी.

सहीच्या कागदाबद्दल : त्यात 'धोक्याची मला कल्पना आहे' आणि 'मला अमुक आजार नाहीत' अशी दोन प्रकारची विधाने असतात. पहिल्यावर सही केल्यावाचून खेळता येत नाही. दुसरी विधाने आपली साक्ष असतात. ती खोटी दिल्यास विमा कंपनीच्या हाती कारण मिळते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकच सही करतात, म्हणून रांगेत घाईने सही करू नये. कागद आदल्या दिवशी मागवून मुक्कामाच्या खोलीत वाचावा आणि घरातील प्रत्येकाला त्याचा मजकूर मराठीत समजावून सांगावा.

सूचनांचेही तसेच आहे. राफ्टमधील मार्गदर्शक 'फॉरवर्ड', 'बॅक', 'स्टॉप', 'होल्ड ऑन', 'गेट डाउन' एवढेच शब्द ओरडत असतो. ते ऐकल्यावर हात आपोआप हलले पाहिजेत, तेथे मनातल्या मनात भाषांतर करायला वेळ नसतो. लाइफ जॅकेट बांधल्यावर दुसऱ्याने त्याचे खांदे वर ओढून पाहावेत. ते हनुवटीपर्यंत सरकले, तर ते सैल आहे. पाण्यात पडल्यास उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत आणि वाहत्या पाण्यात कधीही उभे राहू नये, कारण पाऊल दगडांत अडकले की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो. पायाच्या गंभीर दुखापती आणि त्याहून वाईट घटना अशा उभे राहण्याच्या प्रयत्नात घडतात. हे वाक्य घरातील प्रत्येकाकडून पाठ करून घ्यावे.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे. ताई न्यूझीलंडला असते आणि बारावीनंतर आम्ही सगळे तिच्याकडे जाणार आहोत. क्वीन्सटाउनला बंजी जंपिंग करण्याचे माझे स्वप्न आहे. ताईचा पाठिंबा आहे, आईबाबा मात्र ऐकूनच घेत नाहीत. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त चष्म्याचा नंबर उणे सात आहे. त्यांना कसे पटवू?
— एक विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : तू पत्र लिहिलेस आणि चष्म्याचा नंबरही लपवला नाहीस, याचे मला फार कौतुक वाटले.

ज्या जागेचे स्वप्न तू पाहतोस, तिची माहिती आईबाबांना दे. व्हानुआतू देशातील पेंटेकॉस्ट बेटावर घोट्यांना वेली बांधून मनोऱ्यावरून उडी घेण्याची जुनी प्रथा आहे. तिच्यावरून आधुनिक बंजीची कल्पना निघाली. ए. जे. हॅकेट यांनी १९८७ मध्ये आयफेल टॉवरवरून उडी घेतली आणि पुढच्या वर्षी क्वीन्सटाउनजवळच्या कवाराऊ नदीवरील ४३ मीटर उंचीच्या जुन्या पुलावर हा खेळ व्यवसाय म्हणून कायमचा सुरू झाला. तेथे प्रत्येकाचे वजन करून ते हातावर लिहितात आणि त्यानुसार दोर निवडतात. न्यूझीलंडमध्ये साहसी खेळ चालवणाऱ्यांची सुरक्षा तपासणी कायद्याने बंधनकारक आहे आणि नोंदणीकृत आयोजकांची यादी तेथील वर्कसेफ ही सरकारी संस्था सर्वांसाठी खुली ठेवते. ती यादी ताईसोबत बसून आईबाबांना दाखव. तेथे अपघात झाल्यास पाहुण्यांच्या उपचारालाही सरकारी योजनेची मदत मिळते. मात्र आजारपण आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च तिच्यात नसतो, म्हणून विमा लागतोच.

आता तुझ्या चष्म्याकडे येतो. उणे सात हा मोठा नंबर आहे. अशा डोळ्यांत बुबुळाच्या मागचा गोल लांबट झालेला असतो, त्यामुळे पडदा, म्हणजे रेटिना, ताणलेला आणि कडेला पातळ असण्याची शक्यता अधिक असते. बंजीत दोर ताणला जातो त्या क्षणी माणूस उलटा असतो, रक्त डोक्याकडे धावते आणि डोळ्यांतील दाब एकदम वाढतो. बंजीनंतर डोळ्यांत रक्तस्राव झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. त्यामुळे तुझी तब्येत उत्तम असली, तरी या एका गोष्टीचा निकाल लागेपर्यंत मी तुझ्या बाजूने बोलणार नाही. आईबाबांनी नकार दिला तेव्हा त्यांना हे कारण कदाचित ठाऊकही नसेल, पण नकार देण्याचा त्यांचा अधिकार तेवढाच खरा आहे, जेवढी तुझी इच्छा खरी आहे.

नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन रेटिनाची तपासणी करून घे आणि कशासाठी करतो आहेस ते स्पष्ट सांग. त्यांनी नको म्हटले, तर तो विषय तिथेच सोड. क्वीन्सटाउनच्याच डोंगरांत वैमानिकासोबत करायच्या पॅराग्लायडिंगबद्दलही त्यांनाच विचारून घे. त्यांनी हरकत नाही म्हटले, तर मोठ्या उंचीच्या जागा बाजूला ठेवून कवाराऊचाच विचार कर. तपासणीच्या वेळी डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतात आणि पुढे काही तास उजेड सहन होत नाही, जवळचे नीट दिसत नाही. म्हणून एकटा जाऊ नकोस. बाबांना बरोबर ने आणि मला विचारलेला प्रश्न डॉक्टरांना त्यांनाच विचारू दे.